काउन्सेलर व्हायचंय, पण लायसन्स नक्की कुणाचं घ्यायचं?

सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. थोडं कमी करून देतेय.

"ताई, मी अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. बी.ए. बी.एड., वय ३९. शाळेत साडेसहाशे मुलं आहेत. मुलं माझ्याकडे येऊन बोलतात, घरचं, परीक्षेचं, प्रेमाबिमाचं पण. म्हणून रीतसर काउन्सेलर व्हावं असं दोन वर्षं मनात आहे. फेसबुकवर एक जाहिरात दिसली, ३ महिन्यांत सर्टिफाइड सायकॉलॉजिकल काउन्सेलर, घरबसल्या, शनिवार-रविवार दोन-दोन तास, आयएसओ प्रमाणित, भारत सरकार नोंदणीकृत, अमेरिकन बोर्डाची मान्यता आणि लायसन्स नंबर सकट. फी ३५ हजार. दुसरीकडे तालुक्यातला एक एजंट म्हणतो की डिस्टन्सनी एम.ए. सायकॉलॉजी करून देतो, ऍडमिशन बंद झाल्यात पण मागच्या वर्षीची दाखवू. हेडसर म्हणतात सर्टिफिकेट आणा, तुम्हाला समुपदेशन कक्ष उघडून देतो, बाहेर बोर्ड लावू. मिस्टरांचं म्हणणं, एवढ्या पैशात मुलाचा क्लास होईल. मी काय करू? लायसन्स नसताना काउन्सेलिंग केलं तर गुन्हा आहे का? बोर्डवर काय लिहायचं? जाता जाता एक सांगते, नववीतली एक मुलगी रोज डब्याच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसते, बोलत काहीच नाही. परवा तिच्या हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या. मी काही विचारलं नाही, मला तसं ट्रेनिंग नाहीये ना."

ताई,

तुम्ही जे जाता जाता सांगितलंत ना, मी तिथूनच सुरू करते, कोर्सचं नंतर बघू, तो पुढच्या वर्षी पण असणार आहे.

त्या मुलीशी उद्याच बोला. त्यासाठी कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही. ती रोज येऊन तुमच्याजवळ बसतेय म्हणजे अख्ख्या शाळेत तिने तुम्हाला निवडलंय, आणि तुम्ही खुणा बघून गप्प बसलात हे तिच्याही लक्षात आलं असणार. बाकी कुणी नसेल अशी जागा बघा, पण अगदी दार लावून घेऊ नका, आणि सरळ सांगा की तुझ्या हातावरच्या खुणा मी बघितल्या, मला काळजी वाटतेय. मग थांबा. ती लगेच बोलेल असं नाही, तरी थांबा. "असं करतात का गं वेड्यासारखं", "आईबाबांचा विचार केलास का" असलं काही बोलायचं नाही, तिला बाही वर करायला लावायची नाही, स्टाफरूममध्ये विषय काढायचा नाही. आणि एक प्रश्न स्पष्ट विचारायचा, की जगू नये असं वाटतं का तुला कधी. खूप जण घाबरतात, विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं यायचं असं वाटतं त्यांना, पण विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. उत्तर हो आलं, किंवा गोलमोल आलं, तर त्या दिवशी तिला एकटं घरी सोडायचं नाही, हेडसरांना विश्वासात घ्यायचं आणि पालकांना बोलवून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी न्यायचं. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही स्वतःसुद्धा तिथे फोन करून विचारू शकता की मी शिक्षिका आहे, समोर असं मूल आहे, पुढे काय करू.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. सांगा, की तू जे सांगशील ते मी उगाच कुणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मला ज्यांना सांगावं लागेल त्यांना मी सांगेन, आणि आधी तुला सांगूनच सांगेन. आता समजा बोलताना लैंगिक त्रासाचं काही बाहेर आलं, घरातला असो बाहेरचा असो, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कुणावरही बंधनकारक आहे, तुमच्यावर आणि हेडसरांवर तर आहेच, आणि न कळवणं हाच कायद्याने गुन्हा आहे. तिथे पालकांना आधी बोलवून मिटवामिटवी करायची नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर असतोच, तो वापरायचा.

ते झालं की मग निवांत बसा आणि पुढचं वाचा.

लायसन्सचं उत्तर एका ओळीत द्यायचं तर, शालेय समुपदेशकाचं लायसन्स अशी गोष्ट आपल्याकडे आजच्या घडीला नाहीये. नाहीच. त्यामुळे ते ३५ हजारात देतो म्हणणारा माणूस तुम्हाला स्वतःच छापलेला नंबर देतोय. पण मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात कुणालाच नोंदणी लागत नाही असं नाही, घोळ इथेच होतो आणि जाहिरातवाले नेमका त्याचाच फायदा घेतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भारतीय पुनर्वास परिषद, आपण सगळे आरसीआय म्हणतो ती, १९९२ च्या कायद्याने झालीय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपीवाले, अशांची नोंद तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत होते. या लोकांना खरोखरच नंबर असतो, त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतूनच शिकावं लागतं, आणि नोंदणी नसताना त्या नावाने काम केलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही असं आहे. क्लिनिकलचा आतापर्यंतचा नेहमीचा रस्ता म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., हॉस्पिटलमध्ये पेशंट बघत. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. ही पदवीच बंद करायची ठरवली, क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुदत वाढवून दिली, आता तिथली रचना बदलतेय. पण तुमच्या मनात जे आहे ते हे नाहीच ना. तुम्हाला शाळेतल्या मुलांचं ऐकायचंय, आजाराचं निदान करायचं नाहीये.

दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, मेंटल हेल्थ नर्स, आणि आयुर्वेद-होमिओपॅथी-युनानी-सिद्धमध्ये त्या विषयात पदव्युत्तर झालेले. समुपदेशक हा शब्द त्या यादीत नाही. म्हणजे काउन्सेलरने काम करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण काउन्सेलर म्हणून आजाराचं प्रमाणपत्र देणं, निदान लिहिणं, औषधाबद्दल बोलणं हे तुमच्या हातात नाही.

आणि तिसरा, जो तुमच्यासाठी पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे, तो २०२१ चा, अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय आयोग कायदा. याच्या अनुसूचीत बिहेवियरल हेल्थ असा एक गट आहे, त्यात आरसीआयकडचे क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट, वेगवेगळ्या प्रकारचे काउन्सेलर, सोशल वर्कर, मेंटल हेल्थ सपोर्ट वर्कर असे सगळे बसवलेत. राज्याराज्यात परिषदा, नोंदवह्या, अभ्यासक्रम असं ते हळूहळू उभं राहतंय. या कायद्यात शिक्षणाच्या तासांची किमान अट आहे, अलाइड, म्हणजे मदतीचं काम करणाऱ्या, व्यावसायिकासाठी २००० तास आणि हेल्थकेअर व्यावसायिकासाठी ३६०० तास. आता तुमच्या जाहिरातीतला कोर्स मोजू. शनिवार-रविवार दोन-दोन तास म्हणजे आठवड्याला ४, तीन महिन्यांचे १२-१३ आठवडे, म्हणजे फार तर ५२ तास. त्यातले पण बरेचसे रेकॉर्डेड व्हिडिओ असणार. उद्या नोंदणी सुरू झाली तर हे ५२ तासवालं सर्टिफिकेट कुठे उभं राहील ते तुम्हीच बघा.

मग ते आयएसओ, भारत सरकार नोंदणीकृत वगैरे? अहो, आयएसओ हे त्या संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं, तिथे मानसशास्त्र बरोबर शिकवतात का हे कुणी तपासलेलं नसतं. "भारत सरकार नोंदणीकृत" म्हणजे बहुतेक वेळा उद्यम नोंदणी, जी पिठाच्या गिरणीलाही मिळते आणि मिळायलाच हवी, कारण ती धंद्याची नोंदणी आहे. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नंबर असतो. यातलं काहीच खोटं नसतं, म्हणूनच माणूस फसतो, कागद खरे असतात फक्त त्यांचा शिक्षणाशी संबंध नसतो. फोनवर एकच विचारा, तुमची पदवी किंवा डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा आहे, आणि प्रत्यक्ष केसेस कोण घ्यायला लावणार आणि त्या कोण तपासणार. तिकडून "मॅडम ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे" असं उत्तर आलं की फोन ठेवून द्या.

अमेरिकन बोर्डाबद्दल पण बोलते, कारण त्याचा आपल्याकडे फार रुबाब आहे. अमेरिकेत काउन्सेलरचं लायसन्स खरंच असतं, पण ते त्या त्या राज्याचं असतं. मास्टर्स डिग्री, परीक्षा, आणि डिग्रीनंतर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली बहुतेक ठिकाणी दोन-तीन हजार तास काम, मग लायसन्स. शाळेतल्या काउन्सेलरचं तर वेगळंच, ते राज्याचं शिक्षण खातं देतं. काउन्सेलरच्या लायसन्सची सुरुवात व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली केली आणि कॅलिफोर्निया सगळ्यात शेवटी, २००९ मध्ये. म्हणजे सगळी राज्यं यायला तिथेसुद्धा ३३ वर्षं लागली, त्यामुळे आपल्याकडे अजून व्यवस्था बसली नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही. पण सांगली जिल्ह्यात बसून ५२ तासात अमेरिकेची मान्यता मिळते असं तिथल्या कुठल्याच राज्यात चालत नाही.

एजंटचं मात्र मला जास्त टोचलं. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केलीय, वर सांगितलेल्या २०२१ च्या कायद्यात येणारे विषय असे लांबून शिकवायचे नाहीत म्हणून. ज्यांनी आधी ऍडमिशन घेतलेली ते आपलं पूर्ण करू शकतात. ही सवलत खऱ्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तुमचा एजंट त्यातूनच वाट काढतोय, मागच्या तारखेचा प्रवेश दाखवून. ताई, ही बनावट कागदपत्रं झाली. तुम्ही अनुदानित शाळेच्या कर्मचारी आहात, कधीतरी पडताळणी झाली तर एजंटचं काही जाणार नाही, तुमची १४-१५ वर्षांची नोकरी जाईल. त्याला ठाम नाही म्हणा. एका गोष्टीचं वाईट वाटतं मला, ते लपवत नाही, दूरस्थ एम.ए. हा गावातल्या, नोकरी करणाऱ्या, पोरंबाळं असणाऱ्या बायकांसाठी एकच उघडा दरवाजा होता आणि तो बंद करताना त्यांच्यासाठी दुसरा कुठला उघडला नाही. निर्णयामागचं कारण पटतं, माणसांशी बोलायचं काम पुस्तकं पोस्टाने मागवून शिकता येत नाही, पण संध्याकाळचे वर्ग, जिल्ह्याच्या ठिकाणी शनिवार-रविवारचे प्रत्यक्ष वर्ग असं काहीतरी सोबत यायला हवं होतं.

मग तुमच्यासाठी रस्ता कुठला. माझ्या मते पहिला नंबर एनसीईआरटीच्या, म्हणजे शालेय शिक्षणाच्या केंद्र सरकारी परिषदेच्या, डिप्लोमाचा, मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा कोर्स आहे, आणि तो मुख्यतः तुमच्यासारख्या नोकरीतल्या शिक्षकांसाठीच बनवलाय. वर्ष जानेवारीत सुरू होतं. पहिले सहा महिने घरी राहून अभ्यास आणि असाइनमेंट, मग तीन महिने केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष, शेवटचे तीन महिने आपल्याच गावात-शाळेत इंटर्नशिप. आपल्या महाराष्ट्रासाठीचं केंद्र म्हणजे भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. तीन महिने भोपाळला राहायचं म्हणजे घरी काय काय बोलणी होतील याची मला कल्पना आहे, तरी हा कोर्स मी पुढे ठेवतेय कारण यात शिकवणारे शाळेचं जग ओळखतात, आणि प्रॅक्टिकल खरं करून घेतात. जागा थोड्या असतात, निवड होते, सरकारकडून डेप्युटेशनवर गेलात तर फी कमी पडते. त्यासाठी हेडसरांमार्फत, संस्थेच्या ठरावासकट, शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज जावा लागेल, आणि आपल्याकडे फाईल किती दिवस कुठल्या टेबलावर बसते हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून जाहिरात यायची वाट न बघता आत्ताच बोलायला लागा. कोर्स हिंदी-इंग्रजीत आहे, घाबरू नका, तुम्हाला ते जमेल.

दुसरा रस्ता म्हणजे नियमित एम.ए. सायकॉलॉजी. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या तुमच्या जवळच्या कॉलेजांत चौकशी करा, बी.ए.ला मानसशास्त्र नसेल तर प्रवेश देतात का हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, लेखी विचारून घ्या. हजेरीचा प्रश्न येणारच, त्यासाठी अध्ययन रजा किंवा बिनपगारी रजेचा विचार करावा लागेल. दोन वर्षं बिनपगारी राहायला मी कुणाला सहज सांगणार नाही, घराचे हप्ते असतात. पण पुढे शाळेच्या बाहेर, स्वतःची प्रॅक्टिस वगैरे डोक्यात असेल तर मात्र एम.ए.ला पर्याय नाही हे आत्ताच धरून चाला, डिप्लोमावर तो डोलारा उभा राहायचा नाही, आणि नवीन कायद्याची नोंदवही सुरू होईल तेव्हा पदवीचीच विचारणा होणार.

तिसरं म्हणजे आपल्याकडच्या जुन्या संस्था. पुण्याला ज्ञान प्रबोधिनी, ठाण्याला १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ आणि टाटा इन्स्टिट्यूट, अशा ठिकाणी समुपदेशनाचे छोटे-मोठे कोर्स असतात, काही पूर्ण वर्षाचे, काही थोड्या दिवसांचे. यातले छोटे कोर्स तुम्हाला काउन्सेलर बनवत नाहीत, आणि चांगल्या संस्था तसं म्हणतही नाहीत, पण मराठीतून, इथल्या घरांच्या आणि इथल्या मुलांच्या केसेस घेऊन शिकायला मिळतं, आणि मुख्य म्हणजे ओळखी होतात. पुढे एखादी केस अडली की फोन करायला माणूस लागतो, तो इथे भेटतो.

त्यावरून सुपरव्हिजन. कोर्स निवडताना सगळे फी बघतात, सिलॅबस बघतात, आणि हे विचारायचं राहून जातं. सुपरव्हिजन म्हणजे तुम्ही जे बोललात ते, मुलाचं नाव लपवून, तुमच्यापेक्षा जाणत्या माणसासमोर मांडायचं, अगदी वाक्यावाक्याला, आणि ते तुम्हाला दाखवणार की इथे मूल आणखी काही सांगणार होतं आणि तुम्ही सल्ला देऊन टाकलात. आपण शिक्षक ना, आपल्याला सल्ला द्यायची इतकी सवय असते की मुलाचं पहिलं वाक्य संपायच्या आत आपलं उत्तर तयार असतं! ही सवय पुस्तक वाचून सुटत नाही, कुणीतरी समोर बसून दहा वेळा दाखवावं लागतं. माझ्याकडे शिकायला आलेल्या शिक्षकांमध्ये मला हेच दिसत आलंय, माया भरपूर असते, माहिती पण असते, थांबता येत नसतं. म्हणून कोर्सला विचारायचे प्रश्न दोनच, किती तास प्रत्यक्ष केस आणि किती तास सुपरव्हिजन. आकडा नीट सांगता आला नाही तर तो कोर्स नको.

शाळेत आणखी एक अडचण आहे जी हॉस्पिटलच्या काउन्सेलरला नसते. तुम्ही त्याच मुलीचे इतिहासाचे पेपर तपासता. सकाळी तिला गृहपाठ का केला नाही म्हणून उभं करणार आणि दुपारी म्हणणार बोल बाळा मन मोकळं कर, तर ती काय बोलणार. मुलांना पक्कं माहीत असतं कोण स्टाफरूममध्ये कुणाजवळ बसतं, कुठल्या बाईंना सांगितलं की ते वर्गशिक्षकांपर्यंत जातं. त्यामुळे शक्य असेल तर ज्या वर्गाला तुम्ही शिकवत नाही त्या मुलांच्या केसेस तुम्ही घ्यायच्या, स्वतःच्या वर्गातलं मूल आलं तर ऐकायचं पण बरेच दिवस चालणारं काम असेल तर दुसऱ्याकडे द्यायचं. नोंदी ठेवायच्या, थोडक्यात, कुलपात, शाळेच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये अजिबात नाही. हेडसरांशी हे आधीच बोलून घ्या, की कोण आलं आणि काय म्हणालं हे मी तुम्हाला सांगणार नाही, फक्त जिवाचा धोका किंवा कायद्याने कळवायचं असेल तेवढंच सांगेन. बऱ्याच चांगल्या हेडसरांनाही हे पहिल्यांदा ऐकताना अपमान वाटतो. शांतपणे समजवा, हे लेखी घेतलंत तर आणखी बरं.

आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी पालक येतील, आमच्या मुलाला एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता, आहे असं लिहून द्या म्हणून. ते प्रमाणपत्र द्यायचा अधिकार ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांना आहे, मुंबईत सायन हॉस्पिटलचं नाव त्यासाठी सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या भागात कुठलं ते शिक्षण विभागाकडून कळेल. तुमचं काम शंका लवकर ओळखायचं आणि तिथपर्यंत पोचवायचं. नेटवरून उतरवलेल्या बुद्ध्यांकाच्या टेस्ट मुलांना द्यायच्या नाहीत, कुणी कितीही आग्रह केला तरी, एकदा लागलेला शिक्का त्या मुलाच्या अंगावरून नंतर कुणी पुसत नाही.

आता गुन्ह्याचं. शिक्षिका म्हणून मुलाचं ऐकणं, धीर देणं, योग्य ठिकाणी पाठवणं हा गुन्हा कसा असेल, ते तुमच्या कामातच येतं. आपलं बोर्डसुद्धा दहावी-बारावीच्या परीक्षेआधी विभागवार समुपदेशकांचे मोबाईल नंबर जाहीर करतं, त्यातले कितीतरी शिक्षकच असतात. अडचण येते ती स्वतःला नसलेलं नाव लावल्यावर. क्लिनिकल शब्द नको, सायकॉलॉजिस्ट नको, थेरपिस्ट पण नको. सध्या हेडसरांना म्हणा खोलीवर फक्त "समुपदेशन कक्ष" लिहा, माझं नाव नको. डिप्लोमा झाल्यावर नावाखाली "शालेय समुपदेशक" आणि पुढे खरं शिक्षण, कुठलं वर्ष, कुठली संस्था, इतकंच.

हेडसर आणि संस्थाचालकांना पटवायचं असेल तर तुमच्या हातात एक मोठा कागद आहे. विशाखापट्टणमला होस्टेलमध्ये राहून नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला निकाल दिला, सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य, आणि त्यात देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घातल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर, मुलांच्या मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग झालेला, हवा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षक आणि शिक्षकेतर सगळ्या स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग. कायदा होईपर्यंत हे लागू राहील असं कोर्टाने म्हटलंय. तुमच्याकडे साडेसहाशे मुलं. अनुदानित शाळेत असं वेगळं पद मंजूर होऊन पगार सुरू होणं किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे, पण असलेल्या शिक्षिकेला डेप्युटेशनवर पाठवून तयार करून घेणं हा संस्थेसाठी सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग आहे, असं मांडा, निकालाची प्रत अर्जाला जोडा. आणि पात्र हा शब्द त्यात आहे हे हेडसरांना दाखवा, कुठलंही सर्टिफिकेट आणा म्हटल्याने भागणार नाही.

मिस्टरांचं म्हणणं ३५ हजारांपुरतं बरोबर आहे, तसं त्यांना सांगा सुद्धा. मग भोपाळचं सांगा. काउन्सेलर झाल्यावर पगार लगेच वाढेल असं मात्र घरी सांगू नका, तुमच्या शाळेत तो शिक्षिकेचाच राहणार. खाजगी सीबीएसई शाळांमध्ये बोर्डाच्या संलग्नतेच्या नियमामुळे समुपदेशकाची मागणी आहे, तिथे मानसशास्त्राची पदवी किंवा पदवीबरोबर मार्गदर्शन-समुपदेशनाचा डिप्लोमा बघतात, पण अनुदानित नोकरी सोडून तिकडे जायचा सल्ला मी देणार नाही. तुमचा मुलगा आत्ता कितवीत आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. दहावीत असेल तर यंदा राहू दे, पुढच्या जानेवारीची तयारी करा. नसेल तर याच आठवड्यात अर्ज लिहायला घ्या, आणि भोपाळच्या तीन महिन्यांत घरात कोण काय बघणार हे सासूबाईंशी, जाऊबाईंशी आत्ताच बोलून ठेवा.